पिशवी फुगली तरच भाकरी

जयपूरच्या सराफ्यामागं एक गल्ली आहे. समोरून गाढव आलं तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढीच तिची रुंदी. त्या गल्लीत एका अंधाऱ्या जिन्यानं वर निघालं की मध्येच ज्वारीच्या भाकरीचा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी जिन्यातच थांबलो. म्हटलं, फौजेतली शेवटची वर्षं याच शहरात काढली, आता पेन्शन खात राजा पार्कात मुलाकडं राहतोय, आणि हा वास इतके दिवस होता कुठं? वर जाऊन बघतो तर एक बाई परातीत भाकरी थापत बसलेली. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"विट्याच्या अलीकडचा."

"मग उभं का? बसा की. हात धुवा आधी."

ती आक्काबाई. तेव्हापासून आठवड्यातनं दोन-तीनदा तरी मी तिच्या खानावळीत जेवायला असतो. सूनबाईला त्याचं वाईट वाटत नाही. अनुश्री डॉक्टर आहे, आणि आपल्याला भाकरी थापता येत नाही हे ती आपणहून सगळ्यांना सांगते. नातू गंधार मात्र विचारतो, "आजोबा, मतलब तुम्ही रोटी खायला एवढ्या लांब जाता?" रोटी आणि भाकरी यांतला फरक त्याला समजावून सांगायला मी एकदा बसलो. ज्वारीची पेरणी सांगून होईपर्यंत तो झोपला होता.

पण आज भाकरीचं सांगायचं नाही. आज मला रागाचं सांगायचंय. म्हातारपणी राग आला तरी चहा होईस्तोवर जातो, असा माझा अनुभव आहे. हा मात्र गेलेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात हिंदुस्थानभर पांगली आहेत. जिथं सराफा, तिथं आमचा गलाईवाला. जुने मोडके दागिने, सोनाराच्या दुकानातला केर, काय असेल ते भट्टीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे जहाल ॲसिडात, टाकायचं आणि त्यातलं शुद्ध सोनं, शुद्ध चांदी वेगळी काढून द्यायची, हे त्यांचं काम. तेजाबात चांदी पडली की तांबूस धूर उठतो. बघायला मोठा सुंदर. संध्याकाळच्या आभाळाचा रंग असतो त्याला. तो नाकात गेला की घशात कुणीतरी कानस फिरवल्यासारखं होतं. आक्काबाईचा नवरा हेच काम करायला जयपूरला आला आणि इथंच वारला. कशानं गेला असं विचारलं की ती "खोकल्यानं" एवढंच म्हणते आणि पिठाला हात घालते. तो गेल्यावर ती गावाकडं परतली नाही. होती त्याच खोलीत तिनं गलाईच्या पोरांना जेवायला घालायला सुरुवात केली.

तिच्या खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडं, उमाकांत शेठची गलाई. तिचा नवरा तिथंच कामाला होता. एकमजली जागा, वर पत्रा. शेठ आमच्याच भागातला. माणूस इतका गोड की त्याच्याशी बोलून आलं की मला पाणी प्यावंसं वाटतं. गावच्या देवळाच्या कळसाला, यात्रेतल्या कुस्त्यांना, शाळेच्या पत्र्याला त्याचा हात सैल. गावातनं कुणी पोरगा आला तर त्याला नाही म्हणणार नाही, दुसऱ्या दिवशी भट्टीवर बसवणार. सगळे म्हणतात, आपला माणूस आहे. बायको-मुलं गावाकडं, म्हणून शेठचं दोन्ही वेळचं जेवण आक्काबाईकडंच. "आक्का, तुझ्या हातची भाकरी नसती तर मी कवाच मेलो असतो," असं तो रोज म्हणायचा. ते खरंही होतं, आणि पुढं उपयोगी पडलं.

आक्काबाईचा धाकटा भाऊ सर्जेराव त्याच गलाईत तेजाबावर होता. तालमीतला गडी. गावच्या यात्रेत त्यानं पाठीला माती लागू दिली नव्हती, असं जुनी माणसं सांगतात. मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा तो खानावळीचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचा. कुणी वरून खाली आलं की चपलेचा अंगठा दुरुस्त केल्यासारखं करायचा. तेजाबाच्या वाफेनं पुढचे दात झिजून पातळ झालेले, कडेनं पारदर्शक. भाकरी दुधात कुस्करून खायचा.

"काय रं सर्ज्या, म्हाताऱ्यासारखा कुस्करून खातोस?" मी एकदा चेष्टेनं म्हटलं.

"बापू, तुमचं दात बघून लाज वाटती मला," तो म्हणाला. "तुमच्या वयाचा हुईस्तोवर माजं काय ऱ्हाईल?"

मग मीच त्याला रिक्षात घालून अनुश्रीकडं नेलं. तिनं छातीला नळी लावली, फुंकर मारायला लावली, फोटो काढला. संध्याकाळी घरी आली ती चहासुद्धा न घेता माझ्यासमोर बसली.

"बापू, फुप्फुसाचं जे गेलंय ते गेलं. उरलंय ते ठेवायचं असेल तर तो धूर त्याच्या नाकात जाता कामा नये. आणखी एक-दोन हिवाळे असाच बसला तिथं, तर जिना सोडा, त्याला अंथरुणावरून उठता येणार नाही."

हे मी आक्काबाईला सांगितलं. सर्जेरावाला तिनं काम सोड म्हणून तोंड दुखेपर्यंत सांगितलं. तो ऐकेना.

"दुसरं काय येतंय गं मला? आन मी उठलो तर माज्या जाग्यावर शेठ काय देव बसीवणार हाय? गावाकडचाच कुणाचा तरी पोरगा आणंल. मग त्याची भैन रडंल."

म्हणजे आता प्रश्न एकच उरला होता. माणूस हलत नाही, तर धूर हलवायचा. गलाईत हवा खेळली पाहिजे, आणि ती सर्जेरावाचा श्वास उरलाय तोवर खेळली पाहिजे.

आता गंमत ऐका. गलाईत पंखा होता! धूर बाहेर फेकणारा, चांगला जाडजूड पात्यांचा, मागच्या भिंतीत बसवलेला. आक्काबाई डबा द्यायला जायची तेव्हा तिला तो आतनं दिसायचा. आणि आपल्या खिडकीतनं तीच मागची भिंत तिला बाहेरनं दिसायची. बाहेरनं भिंत सलग होती. भोक नाही, जाळी नाही, काही नाही. गुटख्याची जाहिरात तेवढी रंगवलेली.

असं कसं? तर पूर्वी भोक होतं. पण गलाईच्या धंद्यात धूळ म्हणजे पैसा. जमीन झाडून केर जपून ठेवतात. पोरांनी हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात. बसायची गोणपाटं वर्षानं जाळून त्यातनंही चांदी काढतात. एके दिवशी शेठनं बघितलं की पंख्याच्या भोकाखाली, गल्लीच्या गटारीपाशी, केरातनं सोनं-चांदी धुऊन काढणारा एक माणूस ब्रशनं कडा खरवडतोय. रोज सकाळी येऊन खरवडतोय! आपली चांदी उडून दुसऱ्याच्या घमेल्यात जाते हे बघून शेठला जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात गवंडी बोलावला आणि भोक बाहेरनं बुजवलं. पंखा आत तसाच राहू दिला. कुणी बघायला आलं तर दिसावा म्हणून.

चिमूटभर चांदीची राख वाचावी म्हणून त्या माणसानं गावच्या पोरांच्या छातीत धूर कोंडला. कळस चढवणारा हाच. असल्या कळसाकडं मान वर करून बघायची माझी तरी इच्छा राहिलेली नाही.

आक्काबाईनं आधी शेठलाच सांगितलं. तो हसला. "आक्का, बगू की. दिवाळी झाली की बगू." दिवाळी झाली. मग संक्रांत झाली की म्हणाला. मग ती निघाली तक्रार करायला. गलाईची पोरं तिला सांगत होती, आपल्याच माणसाची तक्रार करतीस व्हय, गावाकडं काय तोंड दाखवशील? ती म्हणाली, "गावाकडं जायाला भाऊ जित्ता ऱ्हाऊ दे आधी."

निगमच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, कार्यालयात गेली. कोणत्या, ते लिहीत नाही. खिडकीवरच्या माणसाला तिनं तिच्या हिंदीत सांगितलं, "साहेब, हमारे गल्ली में धूर होताय, माणूस का दम कोंडताय." त्यानं लिहून घेतलं. पत्ता विचारला. गलाईचा घरनंबर तिला ठाऊक नव्हता, म्हणून तिनं आपला सांगितला आणि वर म्हणाली, "उसके समोर." 'उसके समोर' काही लिहिलं गेलं नाही.

आठ-दहा दिवसांनी दोन माणसं आली. तक्रारीवर पत्ता खानावळीचा, म्हणून खानावळीत आली! आणि आली कधी, तर आक्काबाई वर्षाचा कांदा-लसूण मसाला करायला घेतलेल्या दिवशी. कढईत मिरच्या तेलावर पडलेल्या. घरात कुणी जाऊ नये अशी वेळ ती. दोघं जिन्यातच शिंकायला लागले. वर आले ते रुमाल नाकाला लावून. धूर होतोय, बरोबर. दम कोंडतोय, बरोबर. तक्रार शंभर टक्के खरी निघाली.

तिच्या हातात नोटीस पडली. परवाना नाही, घरगुती सिलिंडर वापरता, धूर बाहेर टाकायला पंखा नाही, आसपासच्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे. मुदतीत पंखा बसवा, नाहीतर सील.

"आवं पर धूर समोर हाय!" ती म्हणत होती.

"माताजी, धुआँ तो यहीं है," म्हणून ते डोळे पुसत निघून गेले.

मी गेलो तेव्हा ती नोटीस गुडघ्यावर ठेवून बसली होती. मला वाटलं रडत असेल. कसली रडते! म्हणाली, "बापू, मिरचीच्या धुराला कायदा हाय, आन तेजाबाच्या धुराला न्हाई. वाचा. हितं लिवलंय." आणि मला राग आला तो तेव्हा. निगमवर नव्हे, आधी शेठवर. कारण तो त्याच वेळी जेवायला वर आला, नोटीस बघून हळहळला आणि म्हणाला, "आक्का, मला सांगायचं न्हाई का? मी दिला असता की गं पंखा." आणि खाली मान घालून जेवला. दोन भाकरी खाल्ल्या.

पंखा तिनं झोटवाड्यातनं आणला. एका कारखान्यातनं काढलेला जुना, पण दमदार. भिंतीला भोक पाडून बसवला. परवान्याचा अर्ज केला. सिलिंडर बदलला. बाईनं सगळं केलं, कारण तिला खानावळ बंद पडू द्यायची नव्हती. आणि हे सगळं करायला ज्या ज्या वेळी ती त्या कार्यालयात गेली, त्या त्या वेळी चंदनसिंग नावाच्या निरीक्षकासमोर उभी राहिली. "मेरा हो गया साहेब. अब समोरवाला कब देखोगे?"

चंदनसिंग वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. त्यानं तिला बसवून सांगितलं, "माताजी, तेजाब का डिपार्टमेंट अलग, मज़दूरों का अलग, कारखानों का अलग. और वो जगह इतनी छोटी है कि कारखाने में गिनी ही नहीं जाती. मैं लाइसेंस देख सकता हूँ, आग का इंतज़ाम देख सकता हूँ, हवा-सफ़ाई देख सकता हूँ. बस."

"हवाच देखनेकी हय," आक्काबाई म्हणाली.

शेवटी तो यायला तयार झाला.

तपासणी म्हटलं की मला आमची शाळा आठवते. आमच्या लहानपणी शाळा तपासायला दिपोटी यायचे. ते येणार कळलं की मास्तर शाळा सारवून घ्यायचे, आणि पोरं भरपूर दिसावीत म्हणून शेजारच्या वाडीच्या शाळेतनं उसनी आणायचे. मी पाढ्यांत तरबेज, म्हणून मला उसना न्यायला वाडीचे मास्तर स्वतः सायकल घेऊन यायचे. एकदा सकाळी आमच्या शाळेत दिपोटींना मी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला, आणि दुपारी वाडीच्या शाळेत परत त्यांच्याचसमोर उभा! साहेबांनी चष्मा पुसला. "बाळ, तुला कुठंतरी पाहिलंय." मी म्हटलं, "तो माझा भाऊ." साहेब म्हणाले, "हुशार घराणं दिसतंय," आणि दोन्ही शाळांना शेरा चांगला दिला. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल आणि शंभरदा हसलो असेन. शेठच्या गलाईतली तपासणी बघितल्यापासून मात्र मध्येच हसू थांबतं. आमच्या शाळेत उसनी पोरं बसवली म्हणून कुणाची छाती जळत नव्हती.

साहेब येणार हे शेठला कळलं होतं. कसं कळलं देव जाणे, ज्याला कळायचं त्याला कळतंच. मी आक्काबाईबरोबर डबा धरून गेलो. मुद्दाम फौजेची टोपी घालून गेलो, जरा वजन पडावं म्हणून. आत बघतो तर गलाई नवरीसारखी सजलेली. भट्टी विझवलेली, तेजाबाची भांडी झाकलेली, उदबत्ती लावलेली. पोरांच्या तोंडाला कोरे मास्क, डोळ्यांना कोरे चष्मे. एकाच्या चष्म्याला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. सर्जेराव कोपऱ्यात उभा, मास्कच्या आत खोकला गिळत. चंदनसिंगानं मोबाइलवर फोटो काढले. फोटो झाल्याबरोबर शेठच्या मुकादमानं मास्क आणि चष्मे परत गोळा करून खोक्यात भरायला घेतले. साहेब अजून तिथंच उभे असताना! इतकी सवय.

"और एग्ज़ॉस्ट?" चंदनसिंगानं विचारलं.

शेठनं बटण दाबलं. पंखा घरघरला. काय छान घरघरला! पाती दिसेनाशी झाली.

"बढ़िया," म्हणत साहेब लिहायला लागले.

"साहेब, जरा मेरे खिडकी पे चलो," आक्काबाई म्हणाली. "वो भिंत बाहेर से देखो."

"माताजी, मुझे अंदर का देखना है. बाहर की दीवार हमारे में नहीं आती."

"पर भोकच नहीं हय साहेब!"

शेठ हसून म्हणाला, "आक्का, साहेबांना काम करू दे. जा तू, भाजी करपंल."

आक्काबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग पोरांना म्हणाली, "चला रं, जेवायला वर चला समदी. सर्ज्या, तू बी. माज्या खिडकीपाशी बस आन पंखा लाव." पोरं गेली, मुकादमही गेला. तीही गेली. मला वाटलं, संपलं. हरली बाई. साहेब सही करणार एवढ्यात ती परत आली. हातात सांडशीनं धरलेली लोखंडी कढई, आणि कढईत तेलावर काळ्या पडत चाललेल्या मिरच्या. तिनं ती गलाईच्या मधोमध जमिनीवर ठेवली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून पदर नाकाला धरून उभी राहिली.

"पंखा चालू हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग बसा निवांत."

मिरचीचा खाट, तो जळका धूर, ज्यानं खाल्लाय त्याला मी काय सांगू, आणि ज्यानं खाल्ला नाही त्याला सांगून काय कळणार! पहिली शिंक साहेबांची. मग शेठ. मग मी. मला बाहेर काढायचं ती विसरली असं मला वाटलं होतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "साक्षीदार नगं व्हय?" डोळ्यांतनं धारा, घशात काटे. टोपी पडली ती कुठं पडली बघायचीही सोय नाही. आणि वर तो पंखा आपला जोरात फिरतोय, घर्र घर्र, तोच खाट परत आमच्याच तोंडावर फेकतोय.

"आक्का! दार उघड!" शेठ ओरडला.

"का वो शेठ? पंखा फिरतोय की."

"अगं धूर जाणार कुठनं हितनं! भोक न्हाई त्याला!"

बोलला. आपल्या तोंडानं बोलला. आक्काबाईनं दार उघडलं.

आम्ही तिघं पुढच्या रस्त्यावर भिंतीला धरून खोकत उभे होतो. चंदनसिंगाला मराठी येत नाही, पण कोंडलेल्या माणसाची भाषा कुणालाही कळते. खोकला थांबल्यावर तो वळसा घालून मागच्या गल्लीत गेला, ती सलग भिंत बघितली, तिच्यावर हाताची थाप मारली आणि परत आला.

"मैं दस मिनट नहीं बैठ सका," तो म्हणाला. "और ये लोग दिन भर बैठते हैं?"

"साहब, वो क्या है कि..."

"दीवार खुलवाइए. पाइप लगाकर छत के ऊपर ले जाइए. जब तक नहीं होता, काम बंद. मैं खुद आकर देखूँगा. बाहर से भी."

मग तो आक्काबाईकडं वळला. "माताजी, आपने सरकारी काम में बाधा डाली है. पता है?"

"डाली," ती म्हणाली. "ताक पियेंगे?"

तो प्याला. दोन पेले प्याला. या माणसाला मी शिव्या देणार नाही.

भिंत उघडली. पंख्याच्या मागं पाइप बसला, पत्र्याच्या वर पार उंच गेला. आणि पाइपाच्या तोंडाला शेठनं कापडाची मोठी पिशवी बांधली. धूर कापडातनं जातो, चांदीची धूळ पिशवीत राहते. महिन्यानं पिशवी उतरवून झटकली तर चांदी निघाली. शेठ खूश. मला वर जेवताना सांगायला लागला, "बापू, आयडिया बगा कशी! कायबी वाया जात न्हाई."

मी हातातला घास खाली ठेवला. "शेठ, ही पिशवी आधी का नाही बांधलीस?"

"आधी सुचलंच न्हाई बगा."

सुचलंच नाही! हात धुतलेलं पाणी साठवायचं सुचलं. गोणपाट जाळायचं सुचलं. भोक बुजवून आत खोटा पंखा फिरवायचं सुचलं. आणि एक कापडाची पिशवी सुचली नाही, कारण त्याची स्वतःची छाती तिथं कधी बसलीच नव्हती. त्याची गादी पुढच्या खोलीत, रस्त्याकडं, वाऱ्यावर. आक्काबाईचा नवरा या 'सुचलंच नाही'त गेला. सर्जेरावाची अर्धी छाती त्यात गेली. गोड गोड बोलत गेली. माझा राग तो हा. दीड वर्ष झालं त्याला.

त्या पाइपाच्या आसपास कबुतरं बसत नाहीत. जयपुरात कबुतर बसत नाही अशी जागा शोधून सापडायची नाही. त्यांना कळायला कुणी निरीक्षक लागला नाही.

चंदनसिंग एकदा येऊन गेला, बाहेरनं आतनं बघून गेला. मग त्याची बदली झाली. आता परत कोण कधी येणार असं आक्काबाईनं कार्यालयात विचारलं. उत्तर मिळालं, तक्रार आली तर. तिनं ते ऐकून घेतलं आणि परत तिथं गेली नाही. तिनं आपली पद्धत काढली. खिडकीत बसलं की पिशवी समोर दिसते. पंखा चालू असला की पिशवी उशीसारखी फुगते. बंद केला की फाटक्या सदऱ्यासारखी लोंबते. शेठ विजेचं बिल वाचवायला अधूनमधून पंखा बंद ठेवतो, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. तिनं भांडण केलं नाही. नियम केला. पिशवी फुगली तरच भाकरी. फुगली नाही तर त्या दिवशी कुणालाच नाही, मग तो शेठ असो, मुकादम असो की पेन्शनर असो.

परवा मी भुकेला गेलो. आदल्या दिवशीच सूनबाईनं ओट्सचा उपमा घातला होता, म्हणजे भूक कसली होती कळलं ना? वर गेलो तर चूल थंड. आक्काबाई खिडकीत गुडघे धरून बसलेली.

"आक्का, भाकरी?"

"बगा की समोर."

बघितलं. पिशवी लोंबत होती.

"अगं, मी काय केलंय? मी तर फौजेतला माणूस!"

"फौजेत जेवायच्या आधी हुकूम यीत हुता न्हवं? मग थांबा."

थांबलो. एकेक पोरगं येऊन भिंतीला टेकून बसत गेलं. कुणी कुरकुरलं नाही. मग जिन्यात शेठचा आवाज आला, "आक्का, आज भाकरीचा वास न्हाई गं!" तो वर आला, आमच्या रिकाम्या थाळ्या बघितल्या, तिची पाठ बघितली.

"आक्का, काय झालं?"

ती वळलीसुद्धा नाही. "खाली जा शेठ. बगून ये."

"अगं, जरा येळ बंद ठिवला तर..."

"सर्ज्या आत हाय."

शेठनं पोटावर हात फिरवला. मग उतरून गेला. त्याची पावलं ऐकत आम्ही सगळे खिडकीकडं बघत बसलो. पिशवी आधी नुसती हलली. मग एक कोपरा उठला, मग दुसरा, आणि ती तट्ट फुगून उभी राहिली.

आक्काबाई उठली, हात धुतले, परातीत पीठ घेतलं. थोड्या वेळानं सर्जेराव जिना चढून आला. मधल्या पायरीवर बसला, पण आता चपलेचं नाटक करत नाही, सरळ बसतो. वर येऊन म्हणाला, "बापू, आज उपाशी ठिवलं व्हय तुमास्नी?"

सूनबाई म्हणते, त्याची छाती सुधारलेली नाही, पण आणखी बिघडलेलीही नाही. जेवढी उरली होती तेवढी आहे. मी त्याच्या ताटाकडं बघितलं. भाकरी त्यानं दुधात कुस्करली नव्हती. आमटीत बुडवून, दाढेखाली धरून, हळूहळू चावत होता, आणि आक्काबाई तव्यावरची दुसरी उलटताना मान वळवून समोरच्या पिशवीकडं बघत होती.